शेरा कुणासाठी?

जुनी पोस्टकार्डं विकणारा एक अमेरिकन विक्रेता होता. ईबेवर त्याचं नाव झालेलं होतं आणि खात्यावर चांगल्या शेऱ्यांची भरपूर शिल्लक होती. मिशिगन विद्यापीठातले पॉल रेझनिक, हार्वर्डचे रिचर्ड झेकहाउसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यामार्फत एक प्रयोग केला. सारख्याच पोस्टकार्डांचे दोन-दोन गठ्ठे करायचे. एक गठ्ठा त्यानं आपल्या नेहमीच्या नावानं लिलावाला लावायचा, दुसरा नव्या कोऱ्या नावानं. दोन्हीकडे माल सारखा, विकणाराही तोच, फरक फक्त पाटीचा. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ओळखीच्या पाटीला लोक सरासरी ८.१ टक्के जास्त पैसे मोजायला तयार होते.

चांगल्या नावाला पैसे मिळतात, हे कुठलाही पेढीवाला सांगेल. त्याचा इतका नेमका आकडा मात्र ऑनलाइन लिलावांमुळेच हाती आला. तिथे नाव दिसतं, मोजता येतं, आणि मुख्य म्हणजे ते दुसऱ्यांनी लिहिलेलं असतं. विक्रेत्याची पत गिऱ्हाइकाच्या हातात आणि गिऱ्हाइकाची पत विक्रेत्याच्या हातात. ही व्यवस्था कागदावर अगदी न्याय्य दिसते. ती तशी का ठरली नाही, याची गोष्ट बाजारापेक्षा माणसांच्या स्वभावाबद्दल जास्त सांगते.

पिएर ओमिद्यार या तरुण संगणक अभियंत्यानं सप्टेंबर १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या सलग सुट्टीत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळ बसून ‘ऑक्शनवेब’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. ईबे हे नाव त्याला १९९७ मध्ये मिळालं. पहिली विक्री झाली ती एका बिघडलेल्या लेझर पॉइंटरची, १४.८३ डॉलरला. बिघडलेला आहे हे वर्णनात लिहिलेलं होतं, म्हणून कुणाची तक्रार आली नाही. पुढे माल वाढला तशा तक्रारीही वाढल्या आणि त्या सगळ्या ओमिद्यार यांच्या ईमेलवर येऊन पडू लागल्या. पैसे पाठवले, वस्तू नाही आली. वस्तू पाठवली, चेक वटला नाही. तेव्हा कार्डानं किंवा फोनवरून पैसे देण्याची सोय सर्रास नव्हती. लोक पोस्टानं चेक पाठवत आणि तो वटायची वाट बघत बसत.

एकट्या माणसानं किती भांडणं सोडवावीत? फेब्रुवारी १९९६ मध्ये ओमिद्यार यांनी सगळ्यांना उद्देशून एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की माणसं बहुतांशी प्रामाणिक असतात. जी नसतात त्यांच्यामुळे बाकीच्यांनी घाबरून जाऊ नये. कौतुक करायचं तर उघड करा आणि तक्रार असेल तर तीही उघड मांडा. त्यासाठी त्यांनी ‘फीडबॅक फोरम’ नावाची जागा दिली. चांगल्या शेऱ्याला अधिक एक, वाईटाला उणे एक, मधल्याला शून्य. सोबत एका ओळीची टिप्पणी. बेरीज उणे चारवर गेली की खातं बंद. दहा गुण झाले की नावापुढे पिवळा तारा, पुढे निळा, जांभळा, लाल असे चढत्या भाजणीनं. सुरुवातीला तर व्यवहार झालेला नसतानाही कुणीही कुणालाही शेरा देऊ शकत असे. ही चैन फार काळ टिकणारी नव्हती. मित्रांनी मित्रांना तारे वाटले, शत्रूंनी शत्रूंना उणे चारकडे ढकललं, आणि अखेर प्रत्येक शेरा प्रत्यक्ष व्यवहाराशी बांधावा लागला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनं ही कल्पना अफलातून होती. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं, की विकणाऱ्याला मालाची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, अशा बाजारात चांगला माल हळूहळू बाहेर पडतो. कारण घेणारा प्रत्येकाकडे संशयानं बघतो आणि चांगल्या मालालाही वाईटाचीच किंमत देतो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल विभागून मिळालं. अकरलॉफ यांच्या हिशेबानं ईबे बुडायला हवं होतं. ओळख ना पाळख, वस्तू हाताळता येत नाही, पैसे आधी द्यायचे. तरी ते चाललं, आणि त्यात शेऱ्यांचा वाटा मोठा होता.

आता एक व्यवहार जवळून पाहू. समजा, ओरेगनमधल्या कुणी एकानं १९२१ सालचा मॉर्गन चांदीचा डॉलर लिलावाला लावला. वर्णन: ‘जवळपास न वापरलेला’. फ्लोरिडातल्या संग्राहकानं बोली जिंकली आणि त्याच संध्याकाळी पैसे भरले. आठवड्यानं नाणं आलं, पण ते कुणीतरी घासून चकचकीत केलेलं. नवख्याला हे आवडेल. संग्राहकाच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत उतरते, कारण मूळची झिलई गेली की परत आणता येत नाही. विक्रेता म्हणतो, मला असंच मिळालं होतं, फोटोत दिसत होतं. खरेदीदार म्हणतो, फोटोत चमक दिसते, घासल्याच्या बारीक रेघा दिसत नाहीत. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे.

या खरेदीदारानं काय लिहावं? ‘नाणं घासलेलं आहे, वर्णनात ते सांगायला हवं होतं.’ वाक्य खरं आहे, सभ्य आहे, उपयोगाचं आहे. पण तो लिहायला कचरतो. त्याचं कारण एकच: विक्रेत्यानं अजून त्याला शेरा दिलेला नाही.

इथे आपण ईबेवरच्या एका जुन्या वादाशी येतो. आधी शेरा कुणी द्यायचा? खरेदीदारांचं म्हणणं सरळ होतं. माझं काम पैसे देण्याचं. ते मी वेळेत केलं. त्या क्षणी मी चांगला गिऱ्हाईक ठरलो. मग माझा शेरा अडवून का धरता? विक्रेत्यांचं उत्तर असं, की पैसे मिळाले म्हणजे व्यवहार संपला असं नव्हे. गिऱ्हाईक नंतर खोटं बोलू शकतं. वस्तू मिळाली नाही म्हणतं, कार्डावरचे पैसे बँकेकडून परत ओढून घेतं, आपणच तोडलेली वस्तू तुटकी आली म्हणून परत पाठवतं. तेव्हा तिकडून वस्तू मिळाल्याचं आणि समाधान झाल्याचं कळू दे, मग मी लिहीन.

युक्तिवाद म्हणून विक्रेत्यांचं म्हणणं पोकळ नाही. पण प्रत्यक्षात त्या ‘मग लिहीन’चा अर्थ व्हायचा: तू माझ्याबद्दल काय लिहितोस ते बघून मी तुझ्याबद्दल लिहीन. शेरा ओलीस राहिला. ही अडवणूक उघड धमकी न देता होई. नुसतं गप्प बसलं की पुरे.

मला या सगळ्या भांडणात एक गोष्ट नेहमी निसटलेली दिसते. शेरा लिहिणारा तो समोरच्या माणसाला उद्देशून लिहितो, धन्यवाद म्हणून किंवा सूड म्हणून. पण तो असतो तिसऱ्यासाठी. उद्या त्याच विक्रेत्याकडून नाणं घेऊ पाहणाऱ्या, या दोघांपैकी कुणालाच न ओळखणाऱ्या माणसासाठी. विक्रेत्याला राग आला तर त्यानं पत्र लिहावं, फोन करावा. शेरा ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराला साक्षीच्या बदल्यात आरोपीकडून काही मिळत असेल, किंवा त्याच्याकडून काही होण्याची भीती असेल, तर ती साक्ष उपयोगाची राहत नाही. दोघांनी एकमेकांना गुण देण्याच्या समान हक्कात नेमकी हीच खोट होती. वाढपी वाटी घेऊन समोर उभा राहून ‘आमटी कशी झालीय?’ विचारतो तेव्हा अळणी कोण म्हणतं? त्यात तो वाढपी तुमच्या जेवण्यालाही गुण देणार असेल तर बोलायलाच नको.

आकडे हेच सांगतात. रेझनिक आणि झेकहाउसर यांनी १९९९ मधल्या ईबेवरच्या व्यवहारांचा मोठा साठा तपासला. निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५२.१ टक्के व्यवहारांत खरेदीदारांनी शेरा दिला होता. दिलेल्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के चांगले, ०.६ टक्के वाईट, ०.३ टक्के मधले. अनोळखी माणसांकडून जुन्या वस्तू न बघता घेणाऱ्या शंभर जणांत जेमतेम एकाला कुरकुरायला जागा सापडते, हे पटण्यासारखं नाही. आपल्याकडे घरपोच आलेल्या भाजीच्या पिशवीबद्दलही एवढं एकमत होत नाही.

ख्रिस डेलारोकास आणि चार्ल्स वुड यांनी २००८ मध्ये या आकड्यामागची शांतता मोजायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे २००२ मधल्या दुर्मिळ नाण्यांच्या ५१ हजारांहून अधिक लिलावांची माहिती होती. कोण बोललं, कोण बोललं नाही, कुणाच्या नंतर कोण बोललं, यावरून त्यांनी अंदाज बांधला, की खरोखर समाधानी खरेदीदार सुमारे ७९ टक्के असावेत. उरलेल्यांपैकी बहुतेक थोडे नाराज होते. त्यांनी वाईट लिहिलं नाही, चांगलंही लिहिलं नाही. नुसते निघून गेले. शेऱ्यांच्या यादीत दिसणारे ९९ आणि मनातले ७९, यांच्यामध्ये अळीमिळी गुपचिळी.

पुढे २००४ मध्ये ईबेनं एक सोय केली, ती सद्भावनेतून आली असावी. दोघांनी संमती दिली तर एकमेकांना दिलेले वाईट शेरे मागे घेता येऊ लागले. भांडण मिटलं तर डाग कशाला राहू द्यायचा, असा विचार. पण याचा व्यवहारातला अर्थ हुशार विक्रेत्यांच्या लगेच लक्षात आला. तुम्हाला कुणी वाईट शेरा दिला, की लगोलग तुम्हीही त्याला द्या. त्याची काही चूक असो वा नसो. आता दोघांच्याही नावावर लाल वजाचिन्ह. मग निरोप पाठवा: चला, दोघंही मागे घेऊ. नाक दाबलं की तोंड उघडतंच. गॅरी बोल्टन, बेन ग्रायनर आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी ईबेवरच्या शेऱ्यांच्या वेळा तपासल्या, तेव्हा हीच साखळी दिसली: वाईटाला वाईट आणि तेही मागोमाग. तीन-चारशे व्यवहार केलेल्या विक्रेत्याला एक लाल खूण पचते. वर्षाला पाच वस्तू घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ती जन्मभर पुरते. म्हणजे दोघांच्या हातात सारखंच हत्यार होतं, पण लागणारा घाव सारखा नव्हता. आणि नियमांकडे बघून हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं, कारण नियम अगदी समान होते.

यावर उपाय दोन. एक, दोघांनीही आपापला शेरा बंद पाकिटात टाकावा आणि पाकिटं एकाच वेळी उघडावीत. म्हणजे बघून सूड घेता येत नाही. पुढे एअरबीएनबीनं २०१४ मध्ये हाच मार्ग धरला: यजमान आणि पाहुणा, दोघांचे शेरे आल्यावर किंवा चौदा दिवसांची मुदत संपल्यावरच ते उघडतात. दुसरा उपाय, एका बाजूचं हत्यार काढून घ्यायचं. ईबेनं आधी मधलाच रस्ता घेतला. मे २००७ मध्ये जुन्या शेऱ्याच्या जोडीला चार तपशीलवार गुण आले: वस्तू वर्णनासारखी होती का, संवाद कसा होता, पाठवायला किती वेळ लावला आणि पाठवणावळ रास्त होती का. प्रत्येकी एक ते पाच तारे. हे गुण निनावी. विक्रेत्याला फक्त सरासरी दिसे, आणि तीही दहा जणांनी गुण दिल्यावर. कुणी दोन तारे दिले ते कळायला मार्ग नाही, म्हणून सूडालाही मार्ग नाही.

नंतर मे २००८ मध्ये ईबेनं थेट घाव घातला. यापुढे विक्रेत्यांना खरेदीदाराला वाईट किंवा मधला शेरा देता येणार नाही. चांगला द्यायचा तर द्या, नाहीतर गप्प राहा. परस्पर संमतीनं शेरे मागे घेण्याची सोयही गेली. जानेवारीत ही घोषणा झाली तशी विक्रेत्यांची बोंब उठली. फेब्रुवारीत अनेकांनी आठवडाभर विक्री बंद ठेवून निषेध केला. जॉन डोनाहो तेव्हा मेग व्हिटमन यांच्याकडून कंपनीची सूत्रं हाती घेत होते. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवातच या रोषानं झाली.

विक्रेत्यांची तक्रार नुसती रागाची नव्हती, आणि तिला न्यायानं ऐकून घ्यायला हवं. बोली जिंकून पैसेच न देणाऱ्याला आता जगासमोर काय म्हणायचं? त्याला शेरा देता येत नाही, ईबेकडे तक्रार नोंदवता येते, एवढंच. त्याहून वाईट, धमकीची दिशा उलटली. ‘अर्धे पैसे परत करा, नाहीतर लाल खूण देतो’ असा निरोप विक्रेत्यांना येऊ लागला. ईबेच्या नियमांत याला शेऱ्याच्या जोरावर केलेली खंडणी म्हणून मनाई आहे, पण मोजून मापून लिहिलेला निरोप खंडणी ठरवणं सोपं नसतं. काल विक्रेता दादागिरी करत होता, आज गिऱ्हाईक.

आणि ते चार तपशीलवार तारे! खरेदीदाराच्या मनात पाचपैकी चार म्हणजे छान. शाळेत ऐंशी टक्के मिळवणारं पोर आपण पेढे वाटून मिरवतो. ईबेच्या हिशेबात मात्र चार म्हणजे धोक्याची पातळी. २००८ मध्ये ४.८ च्या वर सरासरी असलेल्या मोठ्या विक्रेत्यांना फीमध्ये चांगली सूट मिळे, तर सतत चार मिळवणारा विक्रेता मागच्या बाकावर. देणाऱ्याला ठाऊक नाही की आपण नापास करतोय, घेणाऱ्याला ठाऊक आहे पण सांगता येत नाही. सांगितलं तर तो दबाव ठरतो. या विसंगतीचं सगळ्यात गमतीशीर टोक पाठवणावळीच्या ताऱ्यात दिसलं. काही विक्रेते पाठवणावळ घेतच नसत. शून्य. तरी ‘पाठवणावळ रास्त होती का’ या प्रश्नाला गिऱ्हाइकं चार तारे देत. फुकटाहून स्वस्त काय द्यायचं बिचाऱ्यानं? शेवटी ईबेनंच नियम केला की मोफत पाठवणाऱ्याला त्या रकान्यात आपोआप पाच तारे मिळतील.

पण २००८ च्या बदलाचा निकाल काय लागला? टोबियास क्लाइन, ख्रिस्तियान लाम्बर्ट्झ आणि कोनराड श्टाल यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची तपासणी आहे. विक्रेते मोठ्या संख्येनं बाहेर पडले नाहीत. खरेदीदारांचं समाधान, जे निनावी तारे दाखवतात, ते वाढलं. त्यांचा निष्कर्ष असा, की वाईट विक्रेते हाकलले गेले म्हणून हे घडलं नाही. होते तेच विक्रेते आता अधिक काळजीनं वागू लागले. नाण्याच्या वर्णनात ‘घासलेलं’ हा शब्द येऊ लागला, असं समजा. पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाला विक्रेत्यानं जाहीर शिक्षा देण्यापेक्षा व्यवस्थेनं त्याला मागच्या दारानं हाकलावं, हे मला जास्त पटतं. कारण तिसऱ्या माणसाला त्या गिऱ्हाइकाबद्दल कळून काही करता येण्यासारखं नसतं. लिलावात बोली कुणीही लावतो. विक्रेता त्याची आधी निवड करत नाही. खरेदीदार मात्र विक्रेत्याची निवड करतो. ज्याला निवड करायची आहे त्यालाच साक्ष हवी. असमान दिसणारा नियम अधिक न्याय्य असू शकतो तो असा.

लाल खुणेची भीती खरी किती, हाही प्रश्न आहे. पोस्टकार्डांच्या त्याच अभ्यासात नव्या विक्रेत्याच्या नावावर एक-दोन वाईट शेरे असले तरी किंमत घसरत नव्हती. दुसरीकडे लुईस काब्राल आणि अली होर्ताचसू यांनी २०१० मध्ये दाखवलं, की पहिला वाईट शेरा आला की विक्रेत्याची आठवड्याची विक्री, जी पाच टक्क्यांनी वाढत होती, ती आठ टक्क्यांनी घटू लागते. त्याहून विचार करायला लावणारं म्हणजे दुसरा वाईट शेरा पहिल्यापेक्षा लवकर येतो, आणि दुकान बंद करण्याच्या बेतात असलेल्या विक्रेत्याला वाईट शेरे जास्त मिळतात. एकदा नाव गेलंच, तर जपायचं कशाला, असं काहीसं. शिवाय बरेच विक्रेते आधी भरपूर खरेदी करून खरेदीदार म्हणून चांगले शेरे जमवतात आणि मग दुकान मांडतात, हेही त्यांना आढळलं. नियमात बसतं. पण वेळेवर पैसे देणारा गिऱ्हाईक प्रामाणिक विक्रेता असेलच असं कुठे आहे?

याच वाटेनं पुढे गेलं की शेऱ्यांचा काळाबाजार लागतो. जेनिफर ब्राउन आणि जॉन मॉर्गन यांनी २००६ मध्ये त्याचं वर्णन केलं आहे. एका सेंटला एखादं ई-पुस्तक विकायला ठेवलेलं असायचं. पुस्तकात काय आहे याची कुणाला फिकीर नव्हती. वर्णनातच लिहिलेलं असे, की घेणाऱ्याला हमखास चांगला शेरा मिळेल. दहा सेंटांत दहा गुण आणि पिवळा तारा. मार्च २००८ अखेर ईबेनं संगणकावरून उतरवून घेण्याजोगा माल लिलावातून काढून नुसत्या जाहिरातींच्या विभागात टाकला, तेव्हा कुठे हे दुकान आवरलं.

खोटं कौतुक निषिद्ध, हे सगळ्यांना मान्य. खरी तक्रार मात्र अजूनही महाग पडू शकते. २०१३ मध्ये ओहायो राज्यातल्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीनं ईबेवरच्या आपल्याच ग्राहकाला कोर्टात खेचलं. सूक्ष्मदर्शकाचे सुटे भाग आले तेव्हा टपाल खात्यानं कमी पडलेल्या तिकिटाचे १.४४ डॉलर ग्राहकाकडून वसूल केले. कंपनीनं ते परत द्यायची तयारी दाखवली होती, पण ग्राहकानं शेऱ्यात घडलं ते लिहिलं, आणि ते खरं होतं. बदनामीचा दावा गाजला, फुकट वकिली द्यायला लोक पुढे आले आणि शेवटी कंपनीनं माफी मागून तो मागे घेतला. कायद्याच्या दृष्टीनं प्रकरण तिथे संपलं. नैतिक दृष्ट्या मला ग्राहकाची बाजू पूर्ण निर्दोष वाटत नाही. त्यानं खोटं लिहिलं नाही हे खरं, पण विक्रेता चूक दुरुस्त करायला तयार होता, ही माहितीही त्या तिसऱ्या माणसाच्या कामाची होती. साक्षीत अर्धं सत्य सांगून भागत नाही. अर्थात, तेव्हाच्या ईबेवर शेऱ्याला ८० अक्षरांची मर्यादा होती. त्यात रागही धड मावत नसे.

म्हणून अलीकडच्या संशोधकांनी शब्दांचा नादच सोडला आहे. ईबेची अंतर्गत माहिती हाताशी असलेले क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांना २०१५ मध्ये दिसलं, की विक्रेत्यांच्या चांगल्या शेऱ्यांची सरासरी ९९.३ टक्के आहे आणि निम्म्या विक्रेत्यांचा आकडा तर पुरा १००. अशा गुणपत्रिकेतून निवड कशी करायची? त्यांनी भागाकार बदलला. चांगले शेरे भागिले एकूण शेरे, याऐवजी चांगले शेरे भागिले एकूण व्यवहार. म्हणजे जे गप्प राहिले तेही हिशेबात आले. आकडा ६४ च्या आसपास उतरला आणि विक्रेत्या-विक्रेत्यांमध्ये खरा फरक दिसू लागला. शोधयादीत या आकड्याला वजन दिलं, तेव्हा खरेदीदार ईबेवर पुन्हा खरेदी करायला जास्त प्रमाणात परतले. गप्प बसणाऱ्यांची साक्ष त्यांच्या नकळत घेतली गेली, आणि ती बोलणाऱ्यांपेक्षा जास्त खरी निघाली.

आता हे नाव कुणाच्या मालकीचं, तेही बघा. १९९९ मध्ये ॲमेझॉननं आपले लिलाव सुरू केले तेव्हा ईबेवरचे शेरे सोबत आणायची सोय विक्रेत्यांना दिली होती. ईबेनं कडाडून हरकत घेतली: हे शेरे आमची मालमत्ता आहेत. ॲमेझॉननं सोय काढून घेतली. लिहिलं गिऱ्हाइकांनी, कमावलं विक्रेत्यानं, मालक तिसराच.

आपल्याकडे लिलावाचं हे प्रकरण मुंबईतून सुरू झालं. अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी २००० मध्ये सुरू केलेलं बाझी डॉट कॉम ईबेनं २००४ मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरला घेतलं. २०१७ मध्ये ते फ्लिपकार्टकडे गेलं आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. बोली लावून घेण्याची हौस आपल्या बाजारात फारशी रुजली नाही. तारे मात्र रुजले, मोबाइलच्या कव्हरपासून डोशाच्या पिठापर्यंत. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन शेऱ्यांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं: लिहिणारा खरा आहे का हे तपासा, विकत घेतलेलं कौतुक छापू नका. जारी झालं तेव्हा ते ऐच्छिक होतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून, कौतुकाच्या अटीवर मोबदला देणं नियमानंच बंद आहे.

तरीही खोका उघडला की तळाशी एक रंगीत कार्ड निघतं. पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये मिळवा. त्याखाली बारीक अक्षरात दुसरी ओळ असते: काही अडचण असेल तर शेरा लिहिण्याआधी या नंबरवर व्हॉट्सॲप करा. पहिली ओळ लाच आहे आणि ते शंभर रुपये पुढच्या गिऱ्हाइकाच्या किमतीतून निघतात. दुसरी ओळ मात्र रास्त मागणी आहे. चांगला खरेदीदार कार्ड नसतानाही आधी तेच करतो, आणि उत्तर काय आलं तेही शेऱ्यात लिहितो.